पोरगं टेनिसमध्ये प्रो करायचंय, रान विकू का? – माझं उत्तर

नमस्कार सर. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत मांडतो. मुलगा १७ चा, परभणीत खेळतो, एआयटीएच्या (देशातल्या टेनिस संघटनेच्या) अंडर-१८ रँकिंगमध्ये पहिल्या शंभरात आलाय, अकरावी सायन्स झालीय. बाहेरच्या एका अकॅडमीनं सांगितलंय की वर्षाला १२ लाख भरा, कॉलेज बंद करा, दोन वर्षांत एटीपी रँकिंग, म्हणजे पुरुषांच्या जागतिक क्रमवारीत नंबर, आणून देतो. तुम्ही जिल्हा परिषदेत शिक्षक, सेलूकडं वडिलोपार्जित पाच एकर, त्यातलं दोन विकायचं घरात चाललंय. विकावं का नाही, एवढंच विचारलंय.

मी संभाजीनगरला बावीस वर्षं कोचिंग करतोय, त्याआधी स्वतः खेळलो, फार लांब नाही गेलो. सकाळी पोरं, दुपारी गटिंगचं, म्हणजे रॅकेटला तार बसवायचं, मशीन, संध्याकाळी परत पोरं. तुमच्यासारखे दोन-तीन वडील दरवर्षी कोर्टाच्या जाळीला टेकून हाच प्रश्न विचारतात, त्यामुळं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे 'प्रो होणं' ही काही परीक्षा नाही. आयटीएफच्या (जागतिक टेनिस संघटनेच्या) साईटवर आयपिन, म्हणजे खेळाडूचा नोंदणी नंबर, काढायचा, फी भरायची, वय १४ पूर्ण असलं की एंट्री टाकता येते. पन्नाशीत मीही टाकू शकतो, ड्रॉमध्ये नाव लागणार नाही ती गोष्ट वेगळी. तेव्हा 'प्रो करून देतो' असं कोणी म्हणत असंल तर तो तुम्हाला काहीच देत नाहीय. अन् 'दोन वर्षांत रँकिंग' याची गॅरंटी देणारा माणूस मी तरी जपूनच ऐकतो. खरा प्रश्न रान विकायचं का नाही हा नाहीच. लेकरानं हरायचे किती आठवडे तुम्हाला परवडतात, हा आहे. कारण सुरुवातीची दोन-तीन वर्षं म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला कुठंतरी हरणं असतं. ३२ जणांच्या ड्रॉमध्ये ३१ जण हरूनच घरी जातात.

आता आकडे बघा. पुरुषांत सगळ्यात खालची पायरी एम-१५. पूर्ण स्पर्धेचं बक्षीस १५,००० डॉलर, हे ऐकून लोकांना वाटतं बाप रे. पण ते सिंगल्सचे ३२ जण अन् डबल्सच्या जोड्या सगळ्यांत वाटलं जातं. सिंगल्स जिंकणाऱ्याला साधारण २,१६० डॉलर, मेन ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६, म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये. क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे मेन ड्रॉच्या आधीच्या पात्रता फेरीत, हरला तर भोपळा. पॉइंटचं गणित त्याहून कडक. जिंकला तर १५, फायनल हरला तर ८, सेमी ४, क्वार्टर २, पहिली फेरी जिंकून दुसरीत हरला तर १, अन् पहिल्याच फेरीत हरला तर शून्य. एटीपीच्या यादीत नाव यायला तो एक पॉइंट लागतो आणि तोही ५२ आठवड्यांनी गळून पडतो, की परत कमवा.

तो एक पॉइंट किती लांब असतो हे सांगतो. माझ्याकडचा जालन्याचा एक पोरगा, तेव्हा १९ चा, त्याला मी ट्युनिशियात मोनास्टिरला पाठवला. तिथं एकाच जागी आठवड्यामागून आठवडा एम-१५ होतात, अंताल्या अन् शर्म-एल-शेखलाही तसंच असतं, त्यामुळं एका विमान तिकिटात तीन-चार स्पर्धा होतात. हिशोब माझाच होता, तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात क्वालिफायिंगच्या पहिल्याच मॅचला हरला, रविवारी, अकरा वाजता. पुढची मॅच थेट पुढच्या रविवारी. मधले सहा दिवस त्यानं काय केलं? प्रॅक्टिसला जोडीदार शोधत फिरला. तिथं गटगटानं आलेले पोरं असतात, कोणी इटलीचे, कोणी फ्रान्सचे, त्यांचे कोच सोबत, ते एकट्या अनोळखी पोराला कशाला घेतील. दोन दिवस भिंतीवर मारला. मला रात्री व्हिडिओ कॉल केला तर मागं पलंगावर चार रॅकेट अन् आईनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, निम्मा संपलेला. दुसऱ्या आठवड्यात एक मॅच जिंकून हरला. तिसऱ्यात क्वालिफाय झाला, मेन ड्रॉमध्ये एका स्पॅनिश पोराविरुद्ध तिसऱ्या सेटला ५-४, ४०-३० वर मॅच पॉइंट, सर्व्हिस याची. पहिली सर्व्हिस नेटला, दुसरी अर्धवट मनानं टाकली, पडली मधे, त्यानं बॅकहँड लाईनवर मारून दिला. ७-५ ला हरला. हातात १५६ डॉलर, पॉइंट शून्य, अन् तीन आठवड्यांचा खर्च तिकीट धरून अडीच लाखाच्या वर.

यात चूक माझी होती. त्याचा खेळ तिथं पुरला असता, पण एकट्यानं राहून हरायची सवय त्याला नव्हती आणि मी त्याला ती इथं लावलीच नव्हती. आता मी कोणालाही बाहेर पाठवायच्या आधी भारतातच तीन-चार आठवडे सलग, आईवडील सोबत न जाता, स्वतः तिकीट काढून, स्वतः लॉज शोधून खेळायला लावतो. परभणीहून सचखंड पकडून दिल्लीला जा, स्लीपरनं, हरला तरी पुढच्या स्पर्धेपर्यंत तिथंच रहा, प्रॅक्टिस पार्टनर तूच शोध. दोन पोरं यातनंच परत आली अन् म्हणाली सर आपल्याच्यानं नाही होणार. बरं झालं, थोडक्या पैशात कळलं, दोन एकरात नाही.

'पण सर, टॉपला गेल्यावर पैसा येतोच की' असं तुमचं म्हणणं आहे. येतो, पण कधी? सुमित नागलचं उदाहरण घ्या. २०१५ ला विम्बल्डनची ज्युनियर डबल्स जिंकली, म्हणजे ज्युनियरमध्ये जेवढं करता येतं तेवढं केलं. पहिल्या शंभरात आला फेब्रुवारी २०२४ ला. मधे साडेआठ वर्षं. २०२३ च्या सप्टेंबरात देशाचा एक नंबर असताना त्यानं सांगितलं होतं की खात्यात ९०० युरो उरलेत आणि एक कोच घेऊन वर्षभर फिरायला ८० लाख ते एक कोटी लागतात. त्यानंतर चार महिन्यांत ऑस्ट्रेलियन ओपनला कझाकस्तानच्या बुब्लिकला हरवलं, मग पुढं जुलैत ६८ पर्यंत गेला. लोकांना ते ६८ आठवतं, मला ते ९०० युरो आठवतात.

आयटीएफनं २०१३ सालचे आकडे घेऊन एक आढावा घेतला होता. त्यात कोचचा खर्च न धरता नुसता स्वतःचा खर्च निघायला पुरुषाला ३३६ च्या अन् बाईला २५३ च्या आसपास रँक लागत होती. आणि पहिला पॉइंट मिळाल्यापासून टॉप १०० पर्यंत जे पुरुष पोचले त्यांना सरासरी जवळपास पाच वर्षं लागली. जे पोचले त्यांना, हे लक्षात घ्या. बक्षिसं तेव्हापासून वाढलीत पण तिकिटं अन् हॉटेलंही काय तिथंच थांबली नाहीत.

आता तुमच्या मुलाच्या रँकिंगबद्दल. वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या शंभरात असणं चांगलंच आहे, परभणीत राहून तर फारच चांगलं. पण एआयटीएचे पॉइंट दोन तऱ्हेनं जमतात. एक म्हणजे भारी पोरांना हरवून. दुसरं म्हणजे खालच्या दर्जाच्या ज्या स्पर्धांना भारी पोरं येतच नाहीत अशा शोधून महिन्याला तीन-तीन खेळून. दुसऱ्या रस्त्यानं रँक येते, खेळ येत नाही. तुम्ही आज रात्री एक काम करा, वहीत त्याच्या गेल्या वर्षभरातल्या सगळ्या मॅच लिहा अन् समोर त्या दिवशीची प्रतिस्पर्ध्याची रँक. स्वतःपेक्षा वरच्या किती पोरांना हरवलं, अन् हरला तेव्हा ६-१, ६-२ हरला का ७-५, ६-४. नॅशनल सिरीजला, म्हणजे वरच्या दर्जाच्या स्पर्धांना, पहिल्या तिसांतल्या पोरांसोबत तीन सेट जात असतील तर बोलण्यासारखं आहे. तिथं ६-१, ६-१ होत असंल तर एम-१५ चं क्वालिफायिंग अजून लांब आहे, तिथं २४-२५ वर्षांचे गडी असतात, कॉलेज टेनिस खेळून आलेले, जे त्याला हाणतील असं नाही, पण एक बॉल फुकट देणार नाहीत.

मी स्वतः पोरगं बघतो तेव्हा फोरहँड बघतच नाही, फोरहँड सगळ्यांचाच चांगला असतो, इन्स्टावरही तोच टाकतात. मी दुसरी सर्व्हिस बघतो. बॉलचा रिकामा डबा सर्व्हिस बॉक्सच्या मागच्या कोपऱ्यात, बॅकहँडच्या बाजूला ठेवतो अन् दीड तास दमवल्यावर म्हणतो की फक्त दुसरी सर्व्हिस, २० टाक. डब्याला लागायची गरज नाही, डब्याच्या हातभर आसपास, खांद्याच्या वर उसळली पाहिजे. ताजा असताना १५ पडतात, दमल्यावर सहा-सात. वरच्या लेव्हलला माणूस त्या सहा-सातवर जगतो. मोनास्टिरची ती मॅच पॉइंटची गोष्ट मुद्दाम सांगितली ती म्हणूनच.

अकॅडमीचं काय करावं? हे परिस्थितीवर आहे, मी लांबून बसून ती चांगली का वाईट म्हणणार नाही. पण १२ लाखात नेमकं काय मिळणार हे सुटं करून विचारा. कोर्ट, बॉल, जिम, हॉस्टेल हे सगळं धरून का? स्पर्धेचा प्रवास त्यात आहे का वेगळा? बहुतेक ठिकाणी वेगळाच असतो आणि खरा पैसा तर तिथंच लागतो. कोच सोबत जाणार असंल तर त्याचं तिकीट-हॉटेल कोणाकडं, एक कोच किती पोरांत? अन् सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या मुलापेक्षा चांगली किती पोरं तिथं रोज त्याच्यासोबत खेळणार? कारण परभणीत काय कमी आहे? ऊन नाही, जिद्दही नाही, कमी आहेत ते समोरून बॉल जोरात परत देणारे लोक. सहा महिन्यात पोरगं गावातल्या सगळ्यांना हरवायला लागतं अन् मग तिथंच अडकतं. अकॅडमीत तोच जर एक नंबर असणार असंल तर १२ लाख देऊन तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांना प्रॅक्टिस पार्टनर पुरवायलात.

कोर्टाचंही बघा. आपल्याकडं पोरं वाढतात सिमेंटवर, बॉल सटकन येतो, लवकर मारून मोकळे व्हायची सवय लागते. बाहेर क्लेवर, म्हणजे मातीच्या कोर्टावर, गेलं की एकाच पॉइंटला पंधरा-वीस शॉट. क्ले आपल्याकडं ठेवणं अवघड, त्याला रोज पाणी लागतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात माझा तिथला एक मित्र म्हणाला, कोर्टावर पाणी मारताना शेजाऱ्यानं बघितलं तर मला मारतील. त्यानं ते कोर्ट सोडूनच दिलं. तेव्हा मुलाला महिन्यातनं चार दिवस तरी क्लेवर न्या, पुण्याला न्या, ते १२ लाखाच्या आधी करण्यासारखं काम आहे.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. रान विकलं नसतं. वर्षभराची रक्कम आधी ठरवली असती, समजा चार-पाच लाख, जी गेली तरी घराचा गाडा चालतो अशी. त्यातनं आठवडे काढायचे. देशातला एक आठवडा स्लीपरचं तिकीट, साधा लॉज, जेवण, एंट्री, गटिंग धरून माझ्या पोरांना १५ ते २० हजारात पडतो. गटिंग विसरू नका, पॉलिएस्टर तार तुटली नाही तरी आठ-दहा तासांत मरते, बॉल हातातनं उडायला लागतो अन् पोरगं म्हणतं सर आज टायमिंग नाही. टायमिंग असतं, तार मेलेली असते. गटिंगचं मशीन दोघा-तिघांत मिळून घेतलं तर वर्षभरात वसूल होतं. तर असे २० आठवडे. पहिल्या सहा महिन्यांत अंडर-१८ च्या फक्त सुपर सिरीज अन् नॅशनल सिरीज, सोबत एआयटीएच्या पुरुषांच्या बक्षिसाच्या स्पर्धा, जिथं जुने घासलेले खेळाडू येतात अन् स्लाईस मारून मारून पोराला रडवतात, तेच शिक्षण. मग भारतात एम-१५ चे आठवडे लागतात तेव्हा क्वालिफायिंगला एंट्री, पण एंट्री अडीच आठवडे आधी बंद होते हे कॅलेंडरवर लिहून ठेवा, अन् नाव काढायचीही तारीख असते, ती चुकली की दंड. मी एकदा चुकवलीय.

वर्षाच्या शेवटी परत ती वही काढा. किती जिंकला ते बघू नका, कोणासोबत किती जवळ हरला ते बघा. जानेवारीत ज्याच्यासोबत ६-२, ६-१ झालं त्याच लेव्हलच्या पोरासोबत डिसेंबरात टायब्रेकपर्यंत जायला लागला तर पुढच्या वर्षाचे आठवडे विकत घ्यायला हरकत नाही, तेव्हा अकॅडमीचाही विचार करा. आकडे तिथंच असतील तर १२ लाखानंही हलणार नाहीत.

कॉलेज बंद करायचं का? अजिबात नाही, अन् त्यासाठी रोज वर्गात बसायचीही गरज नाही. बारावी १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून देता येते, सायन्स झेपत नसंल तर आर्ट्सला टाका, पुढं मुक्त विद्यापीठ आहेच. तुम्ही शिक्षक आहात, हे तुम्हाला मी काय सांगू. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे त्यासाठी कोणती सर्टिफिकेटं धरतात हे आत्ताच क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा, नंतर धावपळ होते.

एक रस्ता मात्र आपल्या भागात कोणी धरतच नाही तो म्हणजे अमेरिकेतलं कॉलेज टेनिस. ऋतुजा भोसले आपल्या शेजारच्या श्रीरामपूरची, टेक्सासमधल्या कॉलेजकडून खेळली, परत येऊन प्रो खेळली, २०२३ ला झालेल्या एशियन गेम्सला रोहन बोपण्णासोबत मिक्स्डचं गोल्ड. पुण्याचा अर्जुन कढेही ओक्लाहोमा स्टेटकडून खेळून आला. तिथं कोच, जिम, फिजिओ, रोज तगड्या मॅच, स्कॉलरशिप मिळाली तर खर्चही बराचसा त्यांचा. पण स्कॉलरशिप सगळ्यांना पूर्ण मिळत नाही, इंग्रजी अन् मार्क लागतात, आणि बारावीनंतर उगीच थांबला तर तिथली खेळायची वर्षं कमी होऊ शकतात. प्रो स्पर्धेतल्या बक्षिसाच्या पैशांचेही नियम आहेत अन् ते सारखे बदलायलेत, म्हणून पहिल्या एम-१५ च्या आधी त्या कॉलेजच्या कोचला मेल करून लेखी विचारा. अकॅडमीवाल्यांनी कॉलेज बंद करा म्हटलं तेव्हा हा दरवाजाही बंद होतो हे तुम्हाला सांगितलं नसंल.

एक गोष्ट घरात बसवून सांगा. या खालच्या लेव्हलच्या मॅचवरही जगभर सट्टा चालतो. पोरगं हरलं की रात्री इन्स्टावर आईवरनं शिव्या येतात, कोणाचे तरी पैसे बुडालेले असतात. अन् कधीतरी गोड भाषेत मेसेज येतो की दुसऱ्या सेटचा पहिला गेम सोड, दोन हजार डॉलर देतो. जो १५६ डॉलरसाठी खेळायलाय त्याला दोन हजार म्हणजे काय वाटत असंल बघा. असा मेसेज आला तर उत्तर न देता लगेच आयटीआयएला (टेनिसमधली फिक्सिंग पकडणारी संस्था) कळवायचं असतं, लपवलं तरी तो गुन्हाच धरतात, खेळायची बंदी येते. त्यांचं ऑनलाईन ट्रेनिंग खेळाडूला करावंच लागतं, तुम्ही शेजारी बसून करा.

मुलगी असलेल्या पालकांनी वाचलं तर त्यांच्यासाठी एवढंच, डब्ल्यू-१५ चं, म्हणजे बायकांच्या खालच्या पायरीचं, गणित बरंचसं असंच, फक्त १८ व्या वर्षापर्यंत वर्षाला किती प्रो स्पर्धा खेळता येतात यावर मर्यादा असते, तेवढ्याच धरून प्लॅन करा.

अन् सर, तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात अकॅडमी काय म्हणते ते आहे, चुलते काय म्हणतात ते आहे, मिसेस काय म्हणतात ते आहे, पण लेकरू काय म्हणतंय हे कुठंच नाही. त्याला विचारा, पण जिंकून आल्यावर नाही. बाहेरगावी पहिल्या फेरीत हरून सकाळच्या गाडीनं उतरेल ना, तेव्हा स्टेशनवरून घरी येईपर्यंत काही बोलू नका, अन् दुपारी बघा बॅग उचलून कोर्टावर जातोय का.

इथं व्हिडिओ टाकायचा असंल तर मोबाईल बेसलाईनच्या मागच्या जाळीला, डोक्याच्या उंचीवर बांधा, पूर्ण एक सेट, न कापता, हरलेला असला तर अजून चांगलं. रविवारी सकाळी सातनंतर मी संकुलावर असतोच. परभणीहून पहाटेच्या गाडीनं निघालात तर दहाच्या आत पोचता, मुलाला दोनच रॅकेट आणायला सांगा अन् शेवटचं गटिंग कधी केलं ते आठवून ठेवायला सांगा.